कमी हिस्सा मिळालेल्या नातवाचे आभारपत्र

आदरणीय गिरदावर (महसूल निरीक्षक) काकांस,

सादर नमस्कार.

गावच्या जमिनीची वाटणी पुरी होऊन चारही हिश्श्यांचे बटा नंबर (पोटनंबर) खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, चढले, त्याला महिना उलटला. हे पत्र तेव्हाच लिहायला हवे होते. उशिराचे कारण संकोच हेच आहे, कारण ज्या दाव्यात आमच्या वडिलांचा हिस्सा दहा बिघ्यांवरून सहावर आला, त्याच दाव्यातील मदतीबद्दल मी आपले आभार मानावेत, हे आमच्या घरात अजून सर्वांच्या गळी उतरलेले नाही.

जमीन २४ बिघे, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने ६ हेक्टर. आजोबा २००५ च्या पुष्कळ आधी वारले, आजी त्यांच्याही आधी गेली. मागे दोन मुलगे आणि दोन मुली असूनही खसऱ्यावर नावे लागली ती वडिलांची आणि चुलत्यांचीच. धाकट्या आत्याने दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला तेव्हा आमचे म्हणणे असे होते की जमीन वडिलोपार्जित आहे आणि मुलींना तिच्यात जन्मतः हक्क नाही. म्हणून आजोबा व दोन मुलगे असे तीन भाग पाडायचे आणि आजोबांच्या तेवढ्या भागाचे चार करायचे. या हिशेबाने एकेका आत्याला बारावा हिस्सा, म्हणजे दोन बिघे मिळत होते. आपण रामबागेतल्या घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तोच हिशेब नव्याने मांडून दाखवलात. सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी असे ठरवले की वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, हयात नसले तरी मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार, असते. त्यामुळे भाग पाच पडतात, आणि आजोबांचा पाचवा भाग चौघांत वाटला की प्रत्येकाची बरोबर चौथाई होते. जमीन आजोबांच्या स्वतःच्या कमाईची धरली तरीही चौथाईच. तोंडी वाटणी पूर्वीच झाली होती, हा चुलत्यांचा शेवटचा मुद्दा आपण एका प्रश्नात संपवलात: झाली होती, तर खाते आजवर सामाईक कसे?

निकाल लागल्यावरही आम्ही कित्येक महिने ‘अंतिम हुकूमनाम्या’ची वाट पाहत बसलो होतो. सारा भरणाऱ्या शेतजमिनीत न्यायालय हिस्से ठरवते, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम कलेक्टर किंवा त्यांच्या हाताखालचा राजपत्रित अधिकारी करतो, हे आपण सांगितले नसते तर आम्ही अजूनही इंदूरच्या कोर्टात तारखाच विचारत फिरलो असतो. (पुण्याचे नातलग फोनवर ‘सातबारा आला का’ असे विचारत राहिले, त्यांना आपल्याकडचे खसरा आणि बी-वन हे जमिनीचे उतारे समजावण्यात आणखी थोडा वेळ गेला.)

तरीही मला सर्वांत अधिक आठवते ती पहिली फर्द, म्हणजे कोणता तुकडा कोणाला याचा वाटणीचा तक्ता. तीत सडकेकडची काळी जमीन आणि विहीर आमच्या दोन्ही घरांकडे आली होती, आणि आत्यांना मिळाला होता नाल्याकाठचा सखल भाग, जिथे पावसाळ्यात सोयाबीन पिवळे पडते आणि बैलगाडीलाही वाट नाही. क्षेत्रफळ मात्र काट्यावर तोलल्यासारखे बरोबर होते. मी ती फर्द आनंदाने आपल्याला दाखवायला आणली. आपण नकाशा दोनदा पाहिला आणि म्हणालात, “आक्षेप आत्यांनी घ्यायचा नाही, तू घ्यायचा.” त्या रात्री मला आपला राग आला होता, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. पुढे तीन सकाळी आपण, वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेली असताना, मोजपट्टी घेऊन आमच्याबरोबर शेताच्या मेडा तुडवल्यात. सडकेपासून नाल्यापर्यंत चार पट्टे पाडावेत म्हणजे चांगली-वाईट जमीन प्रत्येकाला सारखी येईल, पण ट्रॅक्टर वळेल इतकी रुंदी राहते का हे आधी पाहावे. विहीर एका पट्ट्यात गेली तरी पाण्याच्या पाळ्या आणि पाइपाची जागा फर्दीतच लिहून घ्यावी, तोंडी ठेवू नये, या सूचना आपल्याच. चौघांनी मिळून त्या लेखी दिल्या आणि तहसीलदारांनी त्याप्रमाणे फर्द नव्याने करवली. आपण याबद्दल एक पैसाही घेतला नाहीत, चहासुद्धा बिनसाखरेचा.

थोरल्या आत्याने आपल्या पट्ट्यात या रब्बीला लसूण लावला आहे. पाण्याची पहिली पाळी तिचीच होती आणि मोटर वडिलांनी सुरू करून दिली. ते तिच्याशी बोलले नाहीत, पण पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचेतो बांधावर उभे होते.

आपली मोजपट्टी आणि नकाशाचे ट्रेसिंग माझ्याकडेच राहिले आहे. येत्या रविवारी आणून देतो.

आपला नम्र,
थोरल्या घरचा नातू
इंदूर