मॅनहोलवर बसलेल्या मामांना

राम राम मामा,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही 'बरंय, बरंय' म्हणून लगेच पाऊसपाण्याकडं वळता. शिवाय आपल्या लाइनच्या पोरांनीही ते वाचावं असं वाटतं, म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव मात्र घालत नाही. हजेरीपट सोडला तर साइटवर तुमचं नाव कधी कुणी घेतलंच नाही, तुम्ही सगळ्यांचेच मामा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मामा आमच्या मेकॅनिकल कॉन्ट्रॅक्टिंगच्या कंपनीत होल वॉच होते. टाकी असो, व्हेसल असो की बॉयलरचा ड्रम, जिथं माणूस मॅनहोलातून आत उतरतो तिथं बाहेर स्टूल टाकून बसायचं. आत कोण गेलं, किती वाजता गेलं, कधी निघालं ते रजिस्टरला लिहायचं, आतल्याशी बोलत राहायचं, आणि आत काही झालं तरी स्वतः उतरायचं नाही.

आमच्या धंद्यात पाइपिंगचं काम इंच-डायात मोजतात. चार इंची पाइपाचे दहा जॉइंट झाले की चाळीस इंच-डाया. वेल्डरचा, फिटरचा दिवस त्याच्यावर ठरतो, स्ट्रक्चरवाल्यांचा टनावर. मामांच्या नावापुढं इंच-डाया कायम शून्य. त्यामुळं ज्या साइटवर जावं तिथं कुणीतरी साहेब विचारणारच, हा म्हातारा दिवसभर बसून काय करतो, याला गॅस कटिंगच्या हाताखाली का देत नाही? एका ठिकाणी तर बिलातून होल वॉचची हजेरीच कापली होती. आपल्या प्रोजेक्ट मॅनेजरनी ती कंपनीच्या खिशातून भरली, हे तुम्हाला बहुतेक आजही माहीत नसेल.

मामा, तुम्ही धारूरकडचे. आईवडील कोयत्यावर, त्यामुळं साखर कारखाना तुम्ही पहिल्यांदा पाहिला तो बैलगाडीतून, उसाच्या मोळ्यांवर बसून. पुढं लातूरकडच्या एका कारखान्यात ऑफ सीझनला खलाशी, म्हणजे जड माल उचलणारा गडी, म्हणून लागलात. चेन पुली ओढली, रोलर उचलले, परळीच्या थर्मलला बॉयलरच्या ट्यूबा बदलल्या. २०१५ ला पाण्यावाचून परळीचे संच बंद पडले तेव्हा आमच्या कंपनीचा माल उचलून वाळूजला आणणाऱ्यांत तुम्ही होता, हे मी दुसऱ्यांकडून ऐकलंय. गुडघा गेला आणि उंचीवर चढणं बंद झालं, तेव्हा तुम्हाला मॅनहोलवर बसवलं. कंपनीला वाटलं, म्हाताऱ्याची सोय केली.

आता त्या दिवसाचं.

कारखान्याच्या डिस्टिलरीचं काम होतं, कारखान्याचं नाव राहू दे. गळीत बंद, ऑफ सीझन अर्धा सरलेला. या कामाची एक गंमत आहे. इतर प्रोजेक्टची तारीख पुढं सरकते, साखर कारखान्याची सरकत नाही. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन. पुढाऱ्यांच्या नावांसकट पत्रिका छापून झालेली असते, तेव्हा कॉन्ट्रॅक्टरनं 'अजून आठ दिवस लागतील' म्हणायची सोयच नसते. त्यात पोळा आला की अर्धी साइट गावाला जाते, महालक्ष्म्यांना उरलेली अर्धी. बाहेरचे साहेब चिडतात, पण बैलाच्या सणाला मराठवाड्यातला माणूस थांबवून दाखवा म्हणावं.

स्टेनलेस स्टीलची उभी टाकी, मॅनहोल वर. आतल्या बाजूनं नोझलच्या, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाच्या, जॉइंटला टिग वेल्डिंग (आर्गॉन वायू सोडत करतात ते) करायचं होतं, आणि आत माझा मावसभाऊ. आयटीआय करून आलेला, हात चांगला, पण अंगावरच्या दोरीचा त्याला भारी राग. पायात येते, वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये अडकते, रोज कुरकुर. तुम्ही रोज तेच म्हणायचात, "दोरी सोडून जायचं असंल तर रजिस्टरला मी नाव लिहीत नसतो." आणि नाव नाही म्हणजे आत नाही. सकाळी परमिटच्या, म्हणजे आत उतरायच्या लेखी परवानगीच्या, वेळी गॅस मीटर लावलेला, जेवणानंतर तुम्ही परत लावला. ऑक्सिजन २०.८ टक्के, बाहेरच्या हवेत असतो जवळपास तेवढाच. सगळं बरोबर होतं.

बिघडलं ते नंतर. टेम्पररी सप्लाय ट्रिप झाला आणि टाकीत हवा फेकणारा ब्लोअर थांबला. त्याच वेळी आत आर्गॉनचा होज क्लॅम्पमधून सुटलेला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या झाल्या असत्या तर वेळ मिळाला असता. आर्गॉनला ना रंग ना वास, आणि तो हवेपेक्षा जवळजवळ दीडपट जड, त्यामुळं तळाला साचत जातो. जीव घुसमटतो तो अंगात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळं. आर्गॉनमध्ये माणूस श्वास सोडत राहतो, तो कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहतो, म्हणून घुसमट जाणवतच नाही. ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या खाली गेला की माणूस सरळ खाली बसतो. त्याच्या छातीला लावलेला मीटर १९.५ ला वाजलाच असणार, पण बॅटरीवरचा ग्राइंडर चालू होता, ऐकू कुणाला येणार?

तुम्ही काय पाहिलं ते नंतर चौकशीत सांगितलंत, तेव्हा सेफ्टीवाले साहेबसुद्धा लिहायचे थांबले. ब्लोअरचा तो पिवळा डक्ट असतो ना, हवा भरली की अजगरासारखा फुगलेला? तो चपटा झाला. एवढंच. यार्डात क्रेन चालू, कटिंग चालू, ब्लोअरचा आवाज बंद झालेला कुणालाच कळला नाही. पण तुमची नजर डक्टवर होती, तो पोटात गेला तसं तुम्ही आत हाक मारली. उत्तर नाही. शिट्टी वाजवली. ग्राइंडर थांबलेला, आणि तरी उत्तर नाही.

मी खालून शिडीनं वर आलो तोवर तुम्ही ट्रायपॉडच्या विंचला, म्हणजे त्याची दोरी वर ओढायच्या चाकाला, हात घातलेला. मी मॅनहोलाकडं गेलो, पाय आत टाकायच्या बेतात होतो. आपल्या मावशीचं लेकरू आत पडलंय म्हणल्यावर डोकं कुठं चालतंय? तुम्ही माझी कॉलर धरली नाही, की ओरडला नाहीत. माझे दोन्ही हात धरून विंचच्या हँडलवर ठेवलेत. "फिरव. थांबू नको." मी फिरवत राहिलो. खाली रिगरला तुम्ही आर्गॉनचा सिलिंडर बंद करायला पिटाळलं, इलेक्ट्रिशियनला ब्लोअर डीजीवर (डिझेल जनरेटरवर) टाकायला लावलं, आणि स्वतः मॅनहोलाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसलात, तो गेलेला गुडघा टेकून. तो वर आला तेव्हा मान लुळी, ओठ निळे. साडेचारशे एमएमच्या भोकातून बेशुद्ध माणसाचे खांदे एकदम निघत नाहीत. तुम्ही त्याचा एक हात डोक्यावरून वर ओढून धरला, दुसरा खाली दाबला आणि तिरका काढला. हे तुम्हाला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, की तुम्ही मनात आधीच करून पाहिलं होतं, विचारायचं राहिलंच.

बाहेरच्या हवेत त्यानं श्वास ओढला. ऑक्सिजन लावला, तालुक्याच्या दवाखान्यात नेला, दुसऱ्या दिवशी तो मेसमध्ये पिठलं-भाकरी खात होता. अँब्युलन्स गेटबाहेर पडल्यावर मी वर माल आवरायला गेलो तर रजिस्टर उघडं. त्याच्या नावापुढं 'बाहेर' च्या रकान्यात वेळ टाकलेली होती, तुमच्याच त्या ठळक, सावकाश अक्षरात. ती कधी लिहिलीत, देव जाणे.

मावशी तुम्हाला लेकराचा जीव वाचवल्याबद्दल दुवा देते. ते आहेच. माझे आभार मात्र दुसऱ्या गोष्टीबद्दल आहेत. तुम्ही मला आत जाऊ दिलं नाही. आपल्याकडं विहिरीचा गाळ काढताना काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय: एक उतरतो, आडवा होतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला बाप. म्हणून जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची. (टाकीत मात्र कुणी कंदील सोडू नका, डिस्टिलरीत तर नाहीच. तिथं मीटरच.) बंदिस्त जागेत जाणारे बळी मोजले तर त्यात वाचवायला उतरलेलेच निम्म्याहून जास्त निघाल्याचं अमेरिकेत १९८६ सालीच छापून आलंय. आमच्या घरातून त्या दिवशी दोन तिरड्या उठल्या असत्या.

नंतर सेफ्टीवाल्या साहेबांनी मला कारखाने अधिनियम, १९४८ मधलं कलम ३६ दाखवलं. जागा तपासून तसं लेखी प्रमाणपत्र दिलेलं नसेल, तर आत जाणाऱ्यानं श्वसनाचं उपकरण लावायचं, पट्टा बांधायचा आणि त्या पट्ट्याच्या दोरीचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पाहिजे, असं तिथं लिहिलं होतं. ते वाचून मला हसू आलं. ज्यांची हजेरी बिलातून कापली, त्यांना कायद्यानं १९४८ पासून कामावर ठेवलेलं होतं. आपल्याकडं तर प्रमाणपत्रही होतं, २०.८ चं. तरी दोरी तुम्ही सोडू दिली नाहीत.

कंपनीतही बदल झाले, ते तुम्ही निघून गेल्यावर झाले म्हणून कळवतो. ब्लोअरला आता वेगळा डीबी (विजेची पेटी), ब्लोअर बंद पडला की हूटर वाजतो. चहाला, जेवणाला सुटताना टॉर्च आणि होज टाकीबाहेर काढायचे, सिलिंडर बाहेरून बंद. होल वॉचची हजेरी कोटेशनमध्येच वेगळ्या ओळीत लावतो, ती मान्य नसेल तर टाकीच्या आतलं काम घेत नाही. एक काम यापायी हातचं गेलं. मालक दोन दिवस गप्प होते, पण ओळ खोडली नाही.

बाकी तुमच्याशिवाय रूमवर मजा नाही. रांजणगाव शेणपुंजीची ती खोली अजून आहे, पोरं नवी. १७ सप्टेंबरला सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आणि लगेच यार्डात बिहारच्या वेल्डरांची विश्वकर्मा पूजा, तो घोळ तसाच. खंडेनवमीला आपली पूजा परत वेगळी, म्हणजे मशीनला महिन्याभरात दोनदा हळदकुंकू. स्टोअरवाला अजून म्हणतो, मामा असते तर गॅस मीटरलाही हार घातला असता. मावसभाऊ ६जी पोझिशनची, म्हणजे तिरक्या पाइपाच्या वेल्डिंगची, टेस्ट पास झाला. दोरीबद्दल कुरकुर करतो, पण सोडत नाही.

आता कामाचं. तुम्ही कितीतरी पोरांचे पीएफचे नंबर जुळवून दिलेत, ईएसआयची कार्डं काढून दिलीत, आणि स्वतःचं पेन्शन तसंच ठेवलंय असं कळलं. अठ्ठावन्न पूर्ण झालेत आणि दहा वर्षांहून जास्त सेवा आहे, म्हणजे तुम्हाला पेन्शन बसतं. भानगड एवढीच की तीन कॉन्ट्रॅक्टरकडं तीन खाती, आणि एका ठिकाणी आडनावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं. आधी नाव दुरुस्त करून खाती एका यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या एकाच कायम नंबराखाली, आणावी लागतील, मग पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म १०-डी. आपल्या टाइमकीपरनी जुने हजेरीपट काढून ठेवलेत. तुम्ही आधार, बँकेचं पासबुक, मामींबरोबरचा फोटो आणि जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या असतील तेवढ्या एका पिशवीत घालून ठेवा. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मी आणि मावसभाऊ मोटारसायकलवर येतो. जेवायला थांबू, मामींना सांगा ठेचा जरा बेतानं.

तुमचा,
फिटर (आता सुपरवायझर म्हणतात)