मनोरीच्या वादात उष्णतेचा विचार हवा

महोदय,
मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या मुंबई महापालिकेच्या प्रकल्पावरील वाद बहुधा खर्चाभोवती फिरतो. विजेची चिंता रास्तच आहे. रिव्हर्स ऑस्मोसिसने, म्हणजे खारे पाणी दाबाने अतिसूक्ष्म गाळणीतून पार करून, हजार लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. तेवढ्याच पाण्याची वाफ करायची आणि ती उष्णता पुन्हा वापरायची नाही, तर सहाशेहून अधिक युनिटांइतकी ऊर्जा जाते. तरीही वाफेचा मार्ग मोडीत काढू नये. मुंबईतल्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कमला अणुवीज केंद्रातील वाफेची उष्णता वापरून गोडे पाणी मिळवले. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर तर २००५ पासून इंधन न जाळता, कमी दाबाखाली समुद्राच्या कोमट पाण्याचीच वाफ केली जाते आणि खोल समुद्रातल्या गार पाण्याने ती निववली जाते.

वाफेच्या मार्गातली खरी अडचण पाणी तापवणाऱ्या नळ्यांच्या पृष्ठभागावर आहे. तिथे खारे पाणी उकळले की क्षारांचा थर चढतो आणि उष्णता अडते. उष्णता मर्यादेपलीकडे वाढली तर बुडबुडे एकमेकांत मिसळून वाफेचा पडदाच तयार होतो. मग धातू तापतो, पाणी नाही. जपानचे शिरो नुकियामा यांनी १९३४ मध्ये उकळण्याच्या या टप्प्यांचा आलेख मांडला. त्यावर, विशेषतः खाऱ्या पाण्यासाठी, आपल्या किनारपट्टीवरील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी काम करावे आणि राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र निधी द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मालाड