बर्फावरच्या गाडीला डांबरासाठी चाकं असतात, मग आमच्या केज व्हीलला का नाही?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या एका नव्या डांबरी रस्त्याचा फोटो आला होता, ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी, म्हणजे केज व्हीलनी, पाडलेले आडवे ओरखडे पार वळणापर्यंत, आणि खाली ट्रॅक्टरवाल्यांवर कडक कारवाई करा अशी मागणी. मागणी चुकीची नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, त्याच रस्त्याने पोरं सायकलवर शाळेत जातात, बाळंतीण दवाखान्यात जाते. पण नुसत्या कारवाईने हे थांबणार नाही असं मला मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते जरा सविस्तर लिहितो, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पिंपळनेरला वेल्डिंगचं वर्कशॉप चालवतो, ट्रॉली, वखर, केज व्हील हीच आमची रोजची कामं. बाहेरच्या लोकांना खान्देश म्हटलं की केळी आणि कापूस एवढंच आठवतं, पण साक्री तालुक्याचा पश्चिम पट्टा आणि कोंडाईबारी घाट उतरून नवापूरकडचा भाग इथे पावसाळ्यात भात असतो, आणि भात आला म्हणजे चिखलणी (लावणीआधी पाणी भरलेल्या वावरात चिखल करणं) आली, चिखलणी आली म्हणजे लोखंडी चाकं आली. रबरी टायर त्या चिखलात नुसता फिरत बसतो, पुढे सरकतच नाही, म्हणून केज व्हील लावावीच लागते, त्यात शेतकऱ्याची मस्ती वगैरे काही नाही. अडचण अशी की एकाचं वावर रस्त्याच्या अलीकडे, दुसऱ्याचं पलीकडे, तिसऱ्याचं पुढच्या गावाच्या शिवारात, आणि भाड्याचा ट्रॅक्टर दिवसभर तिघांकडे फिरतो. दर वेळी जॅक लावा, चाकं काढा, टायर चढवा, परत वावरात गेल्यावर उलटं करा. एका ड्रायव्हरला मी बोललो तर तो म्हणे, भो, चाकं काढाले येळ कोठे शे? पाऊस वर उभा, मालक फोनवर फोन करतोय, तो बिचारा तसाच डांबरावरून घेऊन जातो.

आता मुद्द्यावर येतो. माझा भाचा कॅनडात क्युबेक प्रांतात नोकरीला आहे, त्याने हिवाळ्यात मला एक व्हिडिओ पाठवला, स्नोमोबाईलचा. आपल्याकडे गुलमर्ग, मनालीला फिरायला गेलेल्यांनी स्नो स्कूटर म्हणून ही गाडी पाहिली असेल. पुढे दोन स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या, मागे रबरी पट्टा, ज्याला ट्रॅक म्हणतात, तो फिरतो आणि गाडी ढकलतो. बर्फावर जबरदस्त पळते. पण ही गाडी डांबरावर आली की तिचे हाल सुरू होतात, आणि ते हाल बघून मला आमचा केज व्हीलवाला ट्रॅक्टरच आठवला.

स्की प्लास्टिकची असते पण तिच्या खाली स्टीलचा रॉड असतो आणि त्यावर कार्बाइडचे तुकडे ब्रेझिंग करून बसवलेले, आपण लेथला जी टिप लावतो ना त्याच जातीचं कार्बाइड. ते कडक बर्फाला पकडतं म्हणून हँडल वळवलं की गाडी वळते. आणि हेच कार्बाइड डांबरावर घासलं की रस्त्यालाही ओरखडा आणि कार्बाइडचीही वाट, आणि हँडल इतकं जड होतं की वळवता वळवत नाही. मागच्या ट्रॅकचं त्याहून वाईट. ट्रॅकच्या आत ॲल्युमिनियमच्या दोन रेल असतात, त्यांना खालून प्लास्टिकची पट्टी, ट्रॅक तिच्यावरून घसरत फिरतो आणि तिला ओलं आणि गार ठेवायचं काम बर्फ करतो. बर्फ नसला की पट्टी तापते, मऊ होते, वितळायला लागते. पाण्यावर गार होणारं इंजिन असेल तर त्याचंही तेच, ट्रॅकने उडवलेला बर्फ कूलरवर बसतो म्हणून पाणी गार होतं, कोरड्या रस्त्यावर काटा वर चढत जातो.

मग त्या लोकांनी काय केलं? स्कीला छोटी चाकं बसवली, वर-खाली होणारी. डांबर आलं की चाक खाली, कार्बाइड जमिनीपासून उचललं जातं, गाडी पुढून चाकांवर चालते, हँडल हलकं. बर्फ आला की चाक वर, आणि स्की आपलं काम करायला मोकळी. चाक गाडीलाच कायम बसवलेलं असतं, काढायची-घालायची भानगडच नाही. गॅरेजमध्ये गाडी ढकलायला स्कीखाली ठेवायची वेगळी चाकं पण मिळतात, पण रस्त्यात गाडी थांबवून, थंडीत खाली उतरून ती कोण लावत बसणार? माणूस तिथला असो की इथला, घाईत असला की खाली उतरत नाही. तिथल्या लोकांनी हे ओळखलं आणि उतरायलाच लागू नये अशी सोय केली, मला यातलं सगळ्यात जास्त हेच पटलं.

ही चाकं काही जादू नाही हेही सांगतो, उगाच कोणाचा गैरसमज नको. त्यांना ब्रेक नसतो, गाडीचा ब्रेक मागच्या ट्रॅकवर लागतो, आणि ट्रॅकची प्लास्टिक पट्टी तर चाकं लावली तरी तापणारच. म्हणून त्यांचा उपयोग रस्ता ओलांडायला, पुलावरून जायला, पेट्रोल पंपापर्यंत पोचायला, तेवढाच आणि तोही हळू. अमेरिका-कॅनडात बऱ्याच ठिकाणी कायदाही तसाच आहे, रस्त्यावरून लांब पळवायची नाही, थांबून बघायचं आणि काटकोनात सरळ ओलांडायचं. म्हणजे कायदा आहे आणि सोबत कायदा पाळता येईल अशी वस्तूपण आहे. आमच्याकडे कायदा आहे पण वस्तू नाही.

या गाडीचा इतिहास भाच्याने सांगितला म्हणून मी अजून वाचला, आणि खरं सांगतो मला तो आपल्या सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या फार जवळचा वाटला. जोसेफ-आर्मंड बोंबार्डिये नावाचा क्युबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावचा मेकॅनिक, १९०७ चा जन्म. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा गेला, पोटाचं दुखणं होतं, दवाखाना होता पण बर्फाने रस्ते बंद आणि बर्फावरून नेणारी गाडी नाही. त्याआधीपासून तो बर्फावरच्या गाडीच्या नादात होताच, त्यानंतर जिद्दीने लागला आणि १९३७ ला त्याला त्याच्या ट्रॅकच्या यंत्रणेचं पेटंट मिळालं. आमच्या सातपुड्यात अजून पावसाळ्यात पेशंट बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. पुढे १९४८ ला क्युबेक सरकारने खेड्यापाड्यातले रस्तेसुद्धा बर्फ काढून साफ ठेवायचं धोरण आणलं तर याच्या मोठ्या गाड्यांचा खप एकदम पडला, कारण साध्या मोटारी चालायला लागल्या. तरी तो थांबला नाही, छोट्या गाडीकडे वळला, १९५९ ला स्की-डू आली आणि आज जी स्नो स्कूटर दिसते ती तिचीच पुढची पिढी. म्हणजे बघा, साफ झालेला डांबरी रस्ता आणि बर्फावरची गाडी यांचं भांडण तिकडे किती जुनं आहे. आणि आता हवामान बदललंय, आपल्या गुलमर्गलाच २०२४ चा जवळपास अख्खा जानेवारी बर्फाविना गेला, तेव्हा थोडा बर्फ, थोडं डांबर, थोडा दगड असं अजून वाढणार.

आता परत साक्रीला येऊ. आमच्या खेड्यातले बरेच रस्ते प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतले, त्यावर डांबराचा वरचा थर साधारण २० मिलिमीटरचा कार्पेट आणि वरून सील कोट, बस. केज व्हीलला ज्या पट्ट्या असतात त्या लोखंडी अँगलच्या, ट्रॅक्टरचं वजन त्या एका धारेवर येतं, सील कोट फाटतो, पाऊस तोंडावर असतोच, पाणी आत गेलं की पुढच्या वर्षी तिथे खड्डा ठरलेला. या रस्त्यांची पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते, आणि असा ओरखडा दिसला की रस्ता ट्रॅक्टरने खराब केला म्हणून हात वर करायला त्याला आयतं कारण मिळतं. शेतकऱ्याचंही भलं होत नाही, धक्के बसून ट्रॅक्टरचे बेअरिंग आणि ड्रायव्हरची कंबर दोन्ही जातात, ब्रेकला पकड नसते, आणि बाहेर निघालेलं लोखंड रात्री मोटारसायकलवाल्याला दिसत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम ९४ आहे, त्यात रोडरोलर आणि ट्रॅकवर चालणारी वाहनं असे अपवाद सोडले तर गाडीला हवेचे टायर पाहिजेत असं सरळ लिहिलंय. म्हणजे कारवाई करायला नवीन कायदा नकोच. पण पोलीस दादांनी एका ट्रॅक्टरला दंड केला तरी त्याला पलीकडच्या वावरात जायचंच आहे, तो रात्री जाईल.

माझ्या धंद्यातल्या अनुभवातून सांगतो. अख्खी केज व्हील, जी टायर काढून त्या जागी बसवतात, ती रस्त्यावर येताच कामा नये, तिथे दंड करा, माझं काही म्हणणं नाही. पण हाफ केज, जी टायरच्या बाजूला लावतात, तिचं गणित वेगळं आहे. तिचा घेर टायरपेक्षा थोडा कमी ठेवला तर कडक रस्त्यावर फक्त टायर टेकतो आणि चिखलात टायर रुतला की लोखंड कामाला लागतं, ही आपल्या गावठी भाषेतली वर-खाली होणारी चाकंच झाली, फक्त इथे टायर कायम खाली आहे. गडबड कुठे होते, तर गिऱ्हाईक म्हणतं जास्त पकड पाहिजे, घेर वाढव, आणि वर टायर झिजलेला, हवा कमी, मग अँगल रोडला लागणारच. टायर १३.६-२८ चा आहे म्हणून छापील मापावर केज बनवून चालत नाही, त्या ट्रॅक्टरचा झिजलेला टायर मोजून बनवावी लागते. हे माप ठरवून कोणी आम्हा फॅब्रिकेशनवाल्यांना दिलं, आणि त्याच मापाची केज विकायची असा नियम केला, तर निम्मं काम तिथेच होईल.

दुसरं, पट्ट्या घडीच्या करता येतील. पट्टी पिनवर फिरेल, वावरात बाहेर काढून लॉक, रस्त्यावर येताना आत दुमडून लॉक. चिखल पिनमध्ये भरतो ही अडचण आहे, मोठी पिन आणि ग्रीस निपल लागेल, वजन वाढेल, पण होणार नाही असं काही नाही त्यात. आमच्याकडे एका शेतकऱ्याला जुन्या ट्रक टायरच्या पट्ट्या कापून अँगलवर बोल्टने बसवून दिल्या, रस्ता ओलांडण्यापुरतं छान चालतं, लांब गेलं की बोल्टची डोकी झिजतात आणि चिखलात पकड कमी होते. म्हणजे हे तात्पुरतंच आहे, घडीच्या पट्टीवरच जास्त विचार व्हायला पाहिजे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात अवजारांवर संशोधन चालतं, धुळ्याला त्यांचं कृषी महाविद्यालय आहे, धुळे-जळगावला इंजिनिअरिंगची एवढी कॉलेजं आहेत आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांना दरवर्षी प्रोजेक्ट पाहिजे असतो, बऱ्याचदा तो विकत आणतात असं ऐकतो. हा प्रोजेक्ट घ्या ना. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाचं अनुदान आहे, ट्रॅक्टरला मिळतं, रोटाव्हेटरला मिळतं, तसं रस्ता न फाडणाऱ्या केज व्हीलला द्या, शेतकरी स्वतःहून जुनी भंगारात घालेल. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव होती तेव्हाही रस्ते असेच फाटायचे, टायरची गाडी आली आणि ती ओढायला हलकी निघाली म्हणून बैलवाल्यांनी ती उचलली, कोणी दंड केला म्हणून नाही.

आणि ग्रामपंचायतींना एक सांगणं, जिथे वर्षानुवर्षं ट्रॅक्टर रस्ता ओलांडतात त्या जागा गावात सगळ्यांना माहीत असतात, तिथे डांबराऐवजी आडवा काँक्रीटचा पट्टा टाका आणि तिथूनच सरळ ओलांडायचं असं ठरवून घ्या. शेतात जायच्या पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहेच, ते रस्ते नीट झाले तर डांबरावर यायची वेळच कमी येईल. आमच्याकडे पाणंद अडवून ठेवलेली बरीच ठिकाणं आहेत, त्यावर तुमच्या पेपराने एक फोटो छापावा ही पण विनंती.

आमच्या वर्कशॉपमध्ये जुनी हाफ केज पडलेली आहे, लोखंड आणि वेल्डिंग माझं, ट्रॅक्टर शेजाऱ्याचा आहे तो द्यायला तयार आहे. कोणी प्राध्यापक, विद्यार्थी किंवा कृषी खात्याचे साहेब घडीच्या पट्टीचं डिझाईन करायला बसत असतील तर बाजाराचा दिवस सोडून कधीही या, पुढच्या जूनच्या आत एक नमुना तयार करून चिखलात घालून बघू.

आपला नियमित वाचक,
एक वर्कशॉपवाला, पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे