लसणाचं तेल आणि आमच्या नातीचा कान

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या पुरवणीतलं ते कानदुखीचं वाचलं आणि काल दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसले. लसणाच्या पाकळ्या तेलात तळायच्या, कोमट झालं की ४ थेंब कानात, लहान मुलांना रात्रीतून आराम, असं आपण छापलंत, तेही चौकटीत, आणि खाली कुणा डॉक्टरचं नाव नाही. आपल्या पेपरकडून ही अपेक्षा नव्हती.

आराम पडतो हे मला चांगलं माहितीय, मी स्वतः घातलंय ते तेल. जानेवारीतली रात्र, इंदूरची थंडी, नात ३ वर्षांची, ४ दिवस नाक वाहत होतं आणि रात्री एकच्या सुमाराला किंचाळत उठली ती उजवा कान धरूनच. सून म्हणाली आई डॉक्टरांना फोन करू या, मी म्हटलं एवढ्या रात्री कुणाला उठवतेस, आणि पळीत तेल-लसूण गरम केलं, बोट बुडवून पाहिलं आणि घातलं. अर्धा तास आणखी रडली, मग एकदम गप्प होऊन झोपली. मी सुनेला म्हटलंही, बघ, जुन्या बायकांना कळत होतं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा पिवळा डाग, कडेला जरासं लाल, आणि पाळीवर तेल नि पू एकत्र वाळलेला.

कान फुटला म्हणतो ना आपण, तो हाच. डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं, नाकाच्या मागून कानात जी नळी जाते ती सर्दीत सुजून बंद होते, लहान मुलांची ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते म्हणून त्यांनाच हे जास्त होतं, पडद्यामागे पू साठून तो पडद्याला आतून ढकलतो, तोच तो ठणका. पडदा फुटला की दाब जातो आणि दुखायचं थांबतं. म्हणजे पोर तेलाने झोपली नव्हती, पडदा फाटला म्हणून झोपली होती! तेल पडद्याच्या अलीकडे, पू पलीकडे, तिथवर ते पोचतच नाही, आणि पडदा फुटल्यावर पोचतं तेव्हा ते तिथे जायलाच नको असतं. लोकांना पिढ्यान्‌पिढ्या हे तेल लागू पडतंय असं का वाटतं ते यात आलं. आपल्या चौकटीत यातलं एक अक्षर नाही.

पडदा दीड महिन्यात आपोआप भरून आला, बहुतेक मुलांचा येतो. पण तोवर रोज आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, आणि हाक मारली की तिचं "काय?" ऐकून माझ्या पोटात गोळा.

त्या रात्री खरं द्यायला हवं होतं ते पॅरासिटामॉलचं सिरप, वजनाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, आणि बाटली वाचून, कारण ५ मिलीत १२० वालीही मिळते नि २५० वालीही, "एक चमचा द्या" म्हणून चालत नाही. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. अँटिबायोटिक दरवेळी लागतंच असंही नाही, पुष्कळ कान २-३ दिवसांत आपसूक बरे होतात, ते डॉक्टर कानात बघून ठरवतात. पण बाळ ६ महिन्यांच्या आतलं असेल किंवा कानामागे सूज येऊन कान पुढे आलेला दिसला तर थेट हॉस्पिटल.

आणि शेवटी आपण एक ओळ टाकलीत, "मोठ्यांनीही हाच उपाय करावा." ती वाचून तर संतापच आला. माझ्या दिरांचा डावा कान अडीच महिने दुखत होता, ते रोज तेल घालून बसायचे, कान आतून स्वच्छ, पण घास गिळला की कळ सरळ कानात. तंबाखू २० वर्षांची. निघाली जिभेच्या मुळाशी गाठ. घशाच्या आणि कानाच्या नसा एकच असतात म्हणून घशातलं दुखणं कानात जाणवतं, अक्कलदाढेचं आणि जबड्याच्या सांध्याचंही तसंच. ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं, आज आहेत, पण जेवण पातळच. ते अडीच महिने तेलात गेले. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे आमच्या इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीत, भिजून आल्यावर किंवा पोहून आल्यावर पाळी ओढली की दुखतं ते आणखी वेगळं, ते कानाच्या बाहेरच्या नळीचं, त्याला डॉक्टर थेंब देतात. सगळ्या कानांना एकच औषध कसं चालेल?

त्याच पानावर बहिरेपणा मुळापासून घालवणाऱ्या तेलाची पाव पान जाहिरात होती, तीही जरा तपासून घेत चला.

दुरुस्ती छापा, त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, आणि नाक-कान-घसा डॉक्टरांकडून लिहून घेऊन. आमच्या शेजारच्या वहिनींनी आपली ती चौकट कापून फ्रिजवर चिकटवलीय, आणि त्यांचा नातू ८ महिन्यांचा आहे.

आपली,
एक जुनी वाचक, रामबाग, इंदूर