कुरळ्या केसांचा आठवडा

प्रिय मनू,

तुझं पत्र पोचलं. रसायन लावून केस सरळ करणं थांबवून आठ महिने झाले, मुळाशी कुरळे केस उगवलेत, खाली जुने सरळ शेंडे लोंबतायत आणि सकाळी पहिल्या तासाआधी आरशासमोर अर्धा तास जातोय. त्या अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं तू चुकीच्या कामाला देतेयस. कुरळे केस रोज सकाळी मार्गी लावायचे नसतात. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना नीट द्यायची आणि उरलेले सहा दिवस शक्यतो हात लावायचा नाही. बाटल्यांची जी लांबलचक यादी पाठवलीयेस, तिच्यातल्या निम्म्या बाटल्या लागणारच नाहीत.

टाळूवर सुटणारं तेल सरळ केसावरून घसरत शेंड्यापर्यंत जातं. कुरळ्या केसाच्या वळणावळणावर ते अडतं. म्हणून मुळं तेलकट आणि शेंडे राठ, हे एकाच डोक्यावर होतं. शिवाय प्रत्येक वळणावर केसाचं बाहेरचं खवल्यांचं आवरण थोडं उचललेलं असतं. पाणी तिथून लवकर उडतं आणि शेजारचा केस तिथेच अडकतो. गुंता होतो तो यामुळे. तेव्हा धुणं कमी, ओलावा जास्त आणि घर्षण कमीत कमी, एवढं धरून चल.

आता ती संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा वार निवड आणि पाचच्या सुमारास सुरू कर, कारण दाट कुरळे केस वाळायला सात-आठ तास सहज घेतात. धुण्याआधी अर्धा तास दोन-तीन चमचे खोबरेल केसांच्या लांबीला लाव, टाळूला नको. हे तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं; खनिज तेल नुसतं वर बसतं. मग कपाळापासून मानेपर्यंत एक भांग, कानापासून कानापर्यंत दुसरा. झाले चार भाग. तीन भाग चिमट्यांनी बांधून ठेव.

मोकळ्या भागावर पाणी फवार, भरपूर कंडिशनर लाव आणि आधी बोटांनी गुंता सोडव. बोटाला गाठ कळते, फणीला कळत नाही. मग मोठ्या दातांची फणी घे, पण शेंड्यापासून वर वर जात. मुळापासून खाली ओढलीस तर सगळ्या गाठी एकावर एक सरकून शेवटी एकच घट्ट गोळा होतो आणि तो मग कात्रीनेच निघतो. तुझ्या बाबतीत एक जागा जास्त जपायची: कुरळा केस संपून सरळ सुरू होतो तो सांधा. रसायनाने केसातले गंधकाचे बंध तुटलेले असतात आणि केस नेमका त्या रेषेवर तुटतो. विंचरताना सांध्याच्या वर मुठीत धरून ठेव, म्हणजे ताण सांध्यावर येणार नाही. कोरडे केस मात्र कधीच विंचरू नकोस.

गुंता सुटलेल्या भागाचा सैल पीळ घालून ठेव आणि पिळासकटच धू. सल्फेट नसलेला शाम्पू एक भाग, पाणी तीन भाग, निमुळत्या तोंडाच्या बाटलीत. तो टाळूवर सोडायचा, बोटांच्या पेरांनी चोळायचा, नखांनी नाही. लांबीला फेस ओघळून जातो तेवढा पुरतो. सगळे केस डोक्यावर गोळा करून घुसळायची सवय असेल तर ती सोड. तासभर सोडवलेला गुंता मिनिटात परत येतो. नंतर पुन्हा कंडिशनर, तीन ते पाच मिनिटं. डब्यावर तेवढी वेळ लिहिली असेल तर अर्धा तास ठेवून फारसं काही वाढत नाही.

पुढचं सगळं केस निथळत असतानाच करायचं. दर भागाला एक चमचा न धुण्याचं कंडिशनर, त्यावर एक चमचा जेल, बट दोन तळव्यांत धरून वरून खाली सारत. इथे बहुतेकांची चूक होते: आधी टॉवेलने खसखसून पुसतात आणि मग जेल लावतात. तोवर केस पिंजारलेले असतात आणि जेल तो पिंजारलेला आकारच पक्का करतं. टॉवेलऐवजी जुना सुती टीशर्ट घे, दाबून पाणी टिपून घे. मग दोन-दोन पेडांचे आठ ते बारा पीळ घाल आणि वाळू दे. पूर्ण वाळल्याशिवाय उघडू नकोस. केसाचा आकार ओला असताना सुटतो आणि वाळताना बसतो. अर्धवट ओला पीळ उघडला की बसायच्या आधीच मोडतो. उशीर झालाच तर ड्रायरला पसरट जाळी लावून मंद आचेवर वाळव. जेल वाळून केस कडक वाटले तर घाबरू नकोस, हाताला तेलाचे दोन थेंब लावून मुठीत हलके दाब, कडकपणा जातो.

रात्रीची दोन मिनिटं मात्र रोजची. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केस घासतो, म्हणून साटिनचा अभ्रा किंवा टोपी. केस माथ्यावर सैल बांध, रबरबँडने नाही, कापडी बँडने. सकाळी सोड, बोटांनी मुळं हलव, बसकट झालेल्या दोन-चार बटांवर पाणी फवारून बोटाभोवती गुंडाळ. पाच मिनिटांत खोलीबाहेर. परीक्षेच्या आठवड्यात पीळ तसेच ठेवून अंबाडा घातलास तरी काही बिघडत नाही, फक्त कपाळाकडचे केस ताणू नकोस. वेणी घातल्यावर कपाळ दुखत असेल, कडेला बारीक पुटकुळ्या येत असतील तर ती त्याच दिवशी सोड. सततच्या ताणाने कडेचे केस विरळ होतात आणि फार काळ चाललं तर ते परत येत नाहीत. बारीक वेण्या घालून घेतल्यास तर सहा-आठ आठवड्यांवर ठेवू नकोस आणि त्या काळातही टाळू धूत राहा.

धुण्याच्या दिवशी हातात येणारा पुंजका पाहून धसका घेतलायस. माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात. सरळ केसांतून ते खाली पडतात, कुरळ्यांत वळणातच अडकून राहतात आणि आठवड्याचे एकदम निघतात. पांढरट मूळ असलेला पूर्ण लांबीचा केस म्हणजे गळलेला, आखूड तुकडा म्हणजे तुटलेला. काळजी तुकड्यांची कर. मोठा ताप, कडक उपासमारीचं डाएट किंवा फार ताण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ गळणं सुरू झालं तर मात्र डॉक्टरकडे जा. त्यावर कुठलीही बाटली कामाची नाही.

महिना-दोन महिन्यांनी केस चिकट, निर्जीव वाटू लागतील, काही लावलं तरी वरच बसेल. ते सिलिकॉन आणि जेलचे थर असतात. एकदा खोल साफ करणारा शाम्पू वापरायचा. वसतिगृहाचं पाणी जड असेल तर ईडीटीए असलेला घे, तो पाण्यातल्या क्षारांना धरून नेतो. कोंडा असेल तर टाळूवर तेल थापणं बंद. कोंड्यामागची बुरशी त्या तेलावरच पोसते. केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन-पाच मिनिटं ठेवून, फक्त टाळूला.

केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो, म्हणजे तुझे खरे कुरळे आज जेमतेम 8 सेंमी, आणि वाळल्यावर आक्रसून त्याच्या निम्मे दिसणार. सगळे सरळ शेंडे एकदम कापायचा धीर नसेल तर दर तीन महिन्यांनी 3-4 सेंमी काप. पण तोवर कुरळे केस सरळ शेंड्यांशी जुळावेत म्हणून तापलेली इस्त्री फिरवू नकोस, विशेषतः ओल्या केसांवर. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे पडतात आणि केस तिथेच मोडतो.

एक छोटी परीक्षा करून कळव. गळलेला एक ओला केस घे आणि हलकेच ताण. नुसता लांबत गेला आणि परत आला नाही तर महिन्यातून एकदा प्रथिनांचा मास्क हवाय. कट्‌कन तुटला तर प्रथिनं बंद, नुसता ओलावा. मुळाकडचा कुरळा भाग आणि खालचा सरळ भाग वेगवेगळे ताणून बघ, दोन्हींची उत्तरं बहुधा वेगळी येतील. ती लिही, मग मास्कचं ठरवू.

तुझीच,
शमा