जाहिरातीचा हिशोब

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या सोलापूरच्या चादर-टॉवेलच्या दुकानाच्या ऑनलाइन जाहिरातींचा जानेवारीचा अहवाल नीट वाचला. त्यामागचे तुझे कष्ट दिसतात. जाहिरात किती जणांपर्यंत पोचली, लाइक किती, क्लिक किती, सगळं आहे. पण पुढच्या महिन्यात जाहिरातीवर जास्त पैसे घालायचे की हात आखडता घ्यायचा, हे त्यावरून मला ठरवता येईना. ज्या आकड्याने आपला निर्णय बदलत नाही, त्याला पहिल्या पानावर जागा देऊ नकोस.

जानेवारीतली सगळी वाढ तू जाहिरातीच्या नावावर टाकलीस, ते मला पटलं नाही. थंडीत चादर एरवीही खपते. त्यातून सिद्धेश्वरांच्या यात्रेला आलेली माणसं गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा, बघून घरी जातात आणि नंतर दुकानाचं नाव शोधून आणखी मागवतात. म्हणून तुलना डिसेंबरशी नको, गेल्या जानेवारीशी कर. त्याहून चांगलं म्हणजे महिनाभर नागपूरकडच्या जाहिराती बंद ठेव आणि नाशिककडच्या चालू ठेव. दोन्हीकडची आधीची विक्री लिहून ठेव. मग जो फरक पडेल, तेवढंच श्रेय जाहिरातीचं.

ईबे या ऑनलाइन बाजाराने २०१२ साली असंच करून पाहिलं होतं. लोक 'ईबे' असं शोधायचे तेव्हा वर दिसणारी पैशाची जाहिरात त्यांनी काही सर्च इंजिनांवर बंद केली. तरी जवळजवळ सगळी माणसं खालच्या फुकटच्या दुव्यावरून आलीच! आपलंही तसंच आहे. दुकानाचं नाव टाकून शोधणारा आपल्याकडे निघालेलाच असतो. नुसतं 'सोलापुरी चादर' शोधणारा मात्र कुणाकडेही जाईल, आणि त्या नावाखाली बाहेरचा माल किती विकला जातो ते तुला माहीत आहे. खर्च त्याच्यासाठी कर, आणि या दोघांचे आकडे कधीही एकत्र करू नकोस.

'चौपट परतावा' असंही तू लिहिलं आहेस. धर, शंभर रुपयांच्या जाहिरातीवर चारशेची विक्री झाली. सूत, विणकाम, पॅकिंग, कुरिअर वजा जाता शेकडा पंचवीस उरत असतील, तर आपल्या हाती जाहिरातीचे शंभरच परत आले. त्यात कॅश ऑन डिलिव्हरीचं एखादं पार्सल घेणाऱ्याने नाकारलं की जाण्यायेण्याचं भाडं आपल्याच अंगावर. परत आलेला माल वजा केल्याशिवाय विक्री म्हणूच नकोस.

आणि ते 'तीस दिवसांत पुन्हा आलेले ग्राहक' चादरीला लावू नकोस, बाळा. जेकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चांगली चादर वर्षानुवर्षं टिकते. महिन्याभरात तोच माणूस दुसरी कशाला घेईल? तो आत्याला, विहिणीला नाव सांगतो. तेव्हा ऑर्डरच्या वेळी एकच प्रश्न विचार: आमचं नाव कुणाकडून कळलं? हे उत्तर कुठलंही यंत्र देणार नाही, ते माणसालाच विचारावं लागतं. टॉवेलचं वेगळं आहे. लॉज आणि हॉटेलवाल्यांना ते वरचेवर बदलावे लागतात, तिथे जुनं गिऱ्हाईक किती दिवसांनी परत आलं हे जरूर मोज. ते आलं नाही तर फोन कर, कारण विचार.

फेब्रुवारीचा अहवाल एका पानाचा कर: परती वजा जाता विक्री, जाहिरातखर्च काढून उरलेला नफा, आणि कुणाच्या सांगण्यावरून किती जण आले. बाकीचे आकडे तुझ्याजवळ असू देत, लागतील तेव्हा मागेन. नाशिक-नागपूरचं मात्र एक तारखेपासून सुरू कर, कारण पुढे लग्नसराई लागली की फरक कळायचा नाही.

तुझे,
बाबा