‘ब्रेक निकामी’ या दोन शब्दांवर चौकशी थांबू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उतारावर मालट्रक किंवा बस सुटली आणि माणसे दगावली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हे शब्द हमखास असतात, आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. अवजड वाहनांच्या देखभालीचे काम करणाऱ्या आम्हाला हे फार खटकते. ब्रेक क्षणात निकामी होणे विरळा. तो आठवड्यामागून आठवडे थोडाथोडा निकामी होत असतो आणि त्यातला प्रत्येक टप्पा साध्या पट्टीने मोजता येतो. ज्या मोजमापांनी हे वेळेवर कळते, तीच मोजमापे ताफ्याचा खर्चही खाली आणतात. सुरक्षिततेवर पैसा घातला की नफा घटतो असा समज अनेक वाहनमालकांच्या मनात पक्का आहे. तो खोडून काढण्यासाठी हे पत्र.

हवेच्या ब्रेकमध्ये पेडल दाबले की दाबाखालची हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते. तिथला रबरी पडदा पुश रॉडला (दांड्याला) ढकलतो, पुश रॉड स्लॅक अ‍ॅडजस्टर (झिजेमुळे वाढलेले अंतर जुळवणारी तरफ) फिरवतो, त्यासरशी कॅम फिरतो आणि वक्र शू चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून भिडतात. लायनर (शूवरचे घर्षणाचे थर) झिजले की शू आणि ड्रममधले अंतर वाढते, म्हणून पुश रॉडला तेवढे जास्त बाहेर यावे लागते. ३० चौरस इंची साध्या चेंबरची एकूण चाल (पुश रॉड जास्तीत जास्त सरकू शकतो ते अंतर) सुमारे ६४ मिलिमीटर असते. त्यातली ५१ मिलिमीटर ओलांडली की ब्रेक जुळणीबाहेर गेला असे धरतात. (लांब चालीच्या चेंबरची मर्यादा वेगळी असते, म्हणून आधी चेंबरचा प्रकार बघावा.) सपाट रस्त्यावर रिकामी गाडी असताना असा ब्रेकही लागतो, चालकाला काही जाणवत नाही. भरलेली गाडी लांब उतारावर आली की ड्रम तापतो, फुगतो आणि शूपासून दूर जातो. पुश रॉडला आणखी काही मिलिमीटर बाहेर यायचे असते, पण चेंबरमध्ये जागाच उरलेली नसते. मग पेडलवर उभे राहिले तरी शूवर जोर पोचत नाही. त्यात तापलेल्या लायनरची पकडही कमी झालेली असते. हवेचा काटा मात्र पुरेसा दाब दाखवत असतो.

हे माप घ्यायला दोन माणसे आणि थोडा वेळ पुरतो. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उट्या (पाचरी) लावाव्यात, इंजिन बंद करावे आणि पार्किंग ब्रेक सोडावा. टाकीतला दाब ९० ते १०० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) दरम्यान असावा. पुश रॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूने खूण करावी, एकाने पेडल पूर्ण दाबून धरावे आणि दुसऱ्याने खूण किती सरकली ते मोजावे. प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा लिहावा, कारण एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत फरक पडला तर जोरात ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

इथे एक चूक जवळपास प्रत्येक वर्कशॉपमध्ये होते. स्वयंचलित स्लॅक अ‍ॅडजस्टर असलेल्या गाडीत चाल जास्त भरली की फिटर पाना लावून ती हाताने कमी करतो आणि गाडी सोडून देतो. जो भाग आपोआप जुळणी करायला बसवला आहे त्याला हाताने जुळवावे लागते, याचा अर्थ कुठेतरी बिघाड आहे. कॅमचे बुश झिजलेले असतात, पुश रॉड जोडणारी क्लेव्हिस पिन सैल असते, ड्रम मर्यादेपलीकडे खरवडलेला असतो किंवा अ‍ॅडजस्टरच आतून संपलेला असतो. पान्याने फिरवल्यावर चाल काही दिवस बरोबर दिसते आणि पुन्हा वाढते. वारंवार असे फिरवल्याने अ‍ॅडजस्टरची आतली यंत्रणाही झिजते. कारण न शोधता केलेली ही जुळणी आम्ही धोक्याची मानतो.

हवेची गळती रोज तपासता येते. इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबून धरावे आणि एक मिनिट काटा पाहावा. एकट्या वाहनात ३ पीएसआयपेक्षा आणि ट्रेलर जोडलेल्या वाहनात ४ पीएसआयपेक्षा जास्त दाब घटला तर गाडी बाहेर काढू नये. नंतर पेडल पुन्हा पुन्हा मारून दाब उतरवावा. ६० पीएसआयच्या खाली जाण्याआधी धोक्याचा दिवा किंवा बझर चालू झालाच पाहिजे. बझर कटकट करतो म्हणून त्याची तार काढून ठेवलेल्या गाड्या आजही रस्त्यावर असतात. हवेच्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडून पाणी काढणे हा यातलाच भाग. नुसते पाणी आले तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचे कार्ट्रिज संपत आले असे समजावे. पाण्याबरोबर तेलाचा पांढरट चिखल आला तर कॉम्प्रेसरच्या रिंगांकडे लक्ष द्यावे. तो चिखल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसला की एकेक व्हॉल्व्ह बदलत बसावे लागते.

इंधन वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याच्या सवयीबद्दल थोडे विस्ताराने. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर इंधन देणेच थांबवतात, कारण चाके इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःच्या जोरावर फिरावे लागते, म्हणजे ते डिझेल जाळू लागते. बचत उलटी होते, आणि इंजिनाचा अडसर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंदच केले तर कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकगणिक टाकीतली हवा कमी होत जाते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. उताराच्या तोंडाशीच गिअर खाली घ्यावा, एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (पायाच्या ब्रेकशिवाय वेग आवरणारी साधने) लावावा. पायाचा ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नये. समजा उतारावर सुरक्षित वेग ताशी ४० किलोमीटर आहे, तर ४०ला पोचताच ठाम ब्रेक मारून साधारण ३ सेकंदांत ३२वर आणावे, पाय काढावा आणि वेग पुन्हा ४०वर आला की तेच करावे. मधल्या वेळात ड्रमला श्वास मिळतो. चढायला जो गिअर लागला तोच उतरायला, हा जुना ठोकताळा जास्त ताकदीच्या आजच्या इंजिनांना पुरत नाही. त्याहून खालचा गिअर लागू शकतो.

इंधनानंतर ताफ्याचा पैसा टायरमध्ये फार जातो, आणि तिथली हेळसांड सर्वांत मोठी आहे. हवा थंड टायरमध्येच मोजावी, म्हणजे गाडी निदान ३ तास उभी असावी. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढणारे बरेच असतात. टायर गार झाल्यावर तोच कमी हवेचा निघतो. लाथ मारून किंवा हातोडीच्या आवाजावरून हवा कळत नाही, गेजच लागतो. ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्के कमी हवेवर धावलेला टायर, म्हणजे ११० पीएसआयचा टायर ८८वर चालला असेल तर, पंक्चर होऊन धावल्यासारखा धरावा आणि उतरवून आतून तपासावा. त्याच्या बाजूच्या भिंतीतल्या पोलादी तारा वाकून वाकून थकलेल्या असू शकतात. तसाच रस्त्याकडेला हवा भरायला घेतला तर त्या तारा एकामागून एक तुटत जातात आणि भिंत चेन उघडावी तशी फाटते. हवा भरणाऱ्या माणसाचा जीव जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. असा टायर पोलादी पिंजऱ्यातच भरावा, नळी लांब असावी, तोंडाला अडकणारी क्लिप असावी आणि माणसाने भिंतीसमोर उभे राहू नये.

मागच्या जोडचाकांत आतल्या टायरकडे कुणी बघत नाही, कारण तिथवर हात पोचत नाही. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावले की ही सबब उरत नाही. जोडीतल्या दोन टायरांच्या व्यासात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. हे किती महत्त्वाचे आहे ते हिशेबाने कळेल. व्यास ६ मिलिमीटरने कमी असला की घेर सुमारे १९ मिलिमीटरने कमी होतो. एक मीटर व्यासाचे चाक किलोमीटरला साधारण ३१८ फेरे घेते. दोन्ही टायर एकाच हबवर घट्ट बसलेले असल्याने लहान टायर दर किलोमीटरला जवळपास ६ मीटर फरफटत जातो. मोठा टायर मात्र जोडीचा जास्तीचा भार वाहून तापतो. नवा टायर झिजलेल्या टायरशेजारी बसवून दोन्ही लवकर संपवणे ही टायरखर्चातली टाळता येण्यासारखी चूक आहे. टायरची झीज वाचता यायला हवी. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. नक्षीवर हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागली तर टो (चाकांची समांतर जुळणी) बिघडलेला, आणि खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेलेले किंवा चाक असंतुलित. नक्षी शेवटच्या थरापर्यंत घासण्याऐवजी ३ मिलिमीटरच्या आसपास टायर काढला तर खालचा सांगाडा शाबूत राहतो आणि रिमोल्ड (जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) चांगला होतो. रिमोल्ड टायर मागे वापरण्यात काही गैर नाही. बसच्या पुढच्या चाकांना मात्र तो लावू नये.

चाक बसवताना नट एअर गनने आवळून गाडी सोडण्याची घाई नेहमीचीच. रिम आणि हबच्या पृष्ठभागांमध्ये गंज, रंग किंवा माती राहिली तर भाराखाली ती दबते आणि नटाची पकड जाते. पृष्ठभाग घासून साफ करावेत, समोरासमोरच्या क्रमाने नट आवळावेत, उत्पादकाने सांगितलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) पान्याने द्यावा आणि ५० ते १५० किलोमीटरांत तो पुन्हा तपासावा. नटापासून निघालेला गंजाचा ओघळ हे सैल नटाचे चिन्ह आहे.

जादा भाराबद्दल एकच आकडा देतो. रोलर बेअरिंगवर २० टक्के जास्त भार टाकला की त्याचे गणिती आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), टायर आणि ब्रेक यांचे नुकसान निराळे. एका खेपेत जास्त माल नेल्याचा फायदा मांडताना हा खर्च त्या खेपेच्या नावावर कुणी लिहीत नाही.

इंजिनाच्या बाबतीत सर्वांत घातक सवय म्हणजे एअर फिल्टर काढून कॉम्प्रेसरच्या हवेने झटकणे. कागदाला दिसणारही नाहीत अशा चिरा पडतात आणि बारीक धूळ थेट सिलिंडरच्या लायनर-रिंगांपर्यंत जाते. फिल्टर काळा दिसतो म्हणून बदलू नये, अडथळा दाखवणारा इंडिकेटर सांगेल तेव्हा बदलावा. थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. तेलाच्या नमुन्याची तपासणी नियमित केली तर सिलिकॉन वाढल्यावर धूळ शिरत असल्याचे कळते, सोडियम किंवा पोटॅशियम वाढल्यावर कूलंट तेलात येत असल्याचे. तेव्हाच गाडी धरली तर पूर्ण इंजिन उघडण्याची वेळ टळते. वेगाचेही गणित आहे. ताशी ८० ऐवजी ९० किलोमीटरने गेले की हवेचा विरोध सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. प्रति लिटर किलोमीटर काढताना टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचाच हिशेब धरावा आणि तुलना सारख्या मार्गाच्या, सारख्या भाराच्या गाड्यांशी करावी. एरवी चांगल्या चालकावर विनाकारण ठपका येतो.

बसमध्ये आगीचा विचार वेगळा करावा लागतो. बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल सहसा फ्यूजशिवाय असते. तिचा क्लिप तुटून ती चॅसिसवर घासली की इन्शुलेशन उडते आणि ठिणगी पडते. टर्बोजवळ डिझेलच्या किंवा हायड्रॉलिक तेलाच्या नळीची बारीक गळती, न सुटणारा ब्रेक, कोरडी पडलेली बेअरिंग ही बाकीची नेहमीची ठिकाणे. चार्जिंगचे सॉकेट आणि जादा दिवे फ्यूज न लावता कुठल्याही तारेला जोडणे तातडीने बंद व्हावे. आणीबाणीचे दार दर फेरीआधी आतून आणि बाहेरून प्रत्यक्ष उघडून पाहावे. दारासमोर सामान किंवा जादा आसन असेल तर ते दार नसल्यातच जमा.

वेळापत्रक आखणाऱ्यांशीही बोलायचे आहे. युरोपीय महासंघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती बंधनकारक आहे, आणि दिवसाला साधारण ९ तासच वाहन चालवता येते. पहाटे २ ते ६ या वेळेत शरीराची जागृती सर्वांत खाली असते. त्या वेळात लांब उतार किंवा सलग शेवटचे तास येतील असा फेरा आखणे टाळता येते. चालकाने तक्रार वहीत लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे, पुढच्या फेरीआधी, काय केले ते फिटरच्या सहीने लिहिलेले असावे. ‘तपासले, ठीक आहे’ एवढ्याने भागवू नये. किती मिलिमीटर, किती पीएसआय ते लिहावे. उत्तर मिळत नसेल तर चालक लिहिणेच थांबवतो, आणि मग बिघाड रस्त्यातच कळतो.

आपल्या बातमीदारांना आणि तपास करणाऱ्यांना एक विनंती. अपघातग्रस्त वाहन हलवण्यासाठी स्प्रिंग ब्रेक (हवा गेल्यावर स्प्रिंगने आपोआप लागणारे ब्रेक) मोकळे करतात, कधी स्लॅक अ‍ॅडजस्टर मागे फिरवतात. त्याबरोबर ब्रेकची जुळणी कशी होती याचा पुरावा नाहीसा होतो. शक्य असेल तिथे वाहन ओढण्याआधीच प्रत्येक चाकाची पुश रॉडची चाल, लायनरची जाडी, ड्रमवरच्या जळल्याच्या खुणा, लायनरवर हबमधले तेल आले आहे का आणि गिअर कोणत्या स्थितीत आहे याची छायाचित्रांसह नोंद व्हावी, आणि ती नोंद बातमीतही यावी.

आपले विश्वासू,
अवजड वाहनांच्या देखभाल विभागात काम करणारे काही तंत्रज्ञ